बोंडाचा पापा

"ताई, तुमच्या बोटांना केस फुटलेत की काय?" टोपीवाले आजोबा म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर खुदकन हसले. त्यांचा हात खुर्चीच्या रुंद दांडीवर उताणा पडला होता, दंडाला रबरी पट्टा आवळलेला होता, आणि ती डाव्या हाताचा मोजा काढून दोन बोटांनी त्यांची शीर शोधत होती. खरं तर मोजा काढायचा नसतो. तसा कागदच भिंतीवर लावला होता. पण म्हाताऱ्या माणसांच्या शिरा मोज्यातून सापडत नाहीत, आत कुठेतरी दडी मारून बसतात. या मजल्यावर ज्याची शीर कुणालाच सापडत नाही त्याला शेवटी रक्त काढायला तिच्याच खुर्चीत आणून बसवतात, त्यामुळे तिने मोजा काढला की मोठ्या डॉक्टरांपासून झाडूवालीपर्यंत सगळे दुसरीकडे बघतात. 'तिच्याकडे न्या, तिच्या बोटांना डोळे आहेत' असं इथे म्हणायची पद्धत होती. तिने हसून आजोबांकडे बघितलं आणि मग खाली बोटांकडे. खिडकीतून ऊन तिरपं येत होतं. त्या उन्हात तिच्या तर्जनीच्या आणि मधल्या बोटाच्या टोकांवर पिवळसर लव उभी होती. एखाददुसरा केस नव्हे, चांगला दाट पुंजका, शिळ्या पावावर बुरशी धरावी तसा.

ते काय आहे हे तिला लगेच कळलं. काल सुट्टी होती. काल दुपारी तिने निवडुंगाची बोंडं तोडली होती, सोलली होती, आईला खाऊ घातली होती, आणि ही त्या बोंडांची कुसळं होती. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. भीती जरा मागे रेंगाळली होती, ती आता पोचली. म्हणजे काल दुपारपासून ही कुसळं आपल्या बोटांत आहेत. ती घेऊन आपण भांडी घासली, केस विंचरले, उशी थोपटली, झोपलो, सकाळी उठून बटणं लावली आणि इथे येऊन रांगच्या रांग माणसांच्या शिरा चाचपल्या. आणि एकही कुसळ टोचलं नाही. ज्याने निवडुंगाचं बोंड एकदा तरी हातात धरलंय त्याला यातली गोम सांगावी लागत नाही. मोठा काटा परवडला. तो दिसतो, थोडं रक्त काढतो आणि मोकळं करतो. कुसळ तसं नसतं. ते धड दिसत नाही, चिमट्यात येत नाही, पण पाण्यात हात घातला की ठणकतं, चहाचा कप धरला की ठणकतं, एकट्याने सबंध दिवस नासवतं. इथे तर पुंजका होता. खरं म्हणजे तिला रडू यायला हवं होतं. "निवडुंगाची कुसळं आहेत, आजोबा. काल फळं खाल्ली," ती म्हणाली. "अरे बापरे. मग दुखत असेल की." "दुखतंय ना," ती म्हणाली. हे खोटं तोंडातून कसं निसटलं तिला कळलंच नाही. बोटं पटकन मोज्यात गेली. शीर तिने अंदाजाने धरली, सुई आत घातली, आणि नळीत काहीच आलं नाही. सुई थोडी मागे घेतली, फिरवली, पुन्हा ढकलली. आजोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. दुसऱ्या खेपेला रक्त आलं. करड्या झाकणाच्या नळीत, म्हणजे साखर मोजायची असते त्या नळीत, ते हळूहळू वर चढताना ती बघत राहिली. "आज हात जड आहे तुमचा," आजोबा कापसाचा बोळा दाबत म्हणाले. त्यात तक्रार नव्हती, नुसतं आश्चर्य होतं.

पुढची माणसं येत राहिली. दंड पुढे करायचे, तोंड फिरवायचे, डोळे मिटायचे. ती दोन्ही हातांत मोजे घालून काम करत होती आणि तिचं मन मागचे महिने चाळत होतं. हल्ली बऱ्याच जणांना दोनदा टोचावं लागतंय, हे तिला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. पण त्याला कारणं होती. खोलीत गारठा फार, माणसं उपाशीपोटी या म्हटलं तर पाणीसुद्धा न पिता येतात, नव्या सुया अगदीच टुकार, आणि आजकाल कुणी हाताने कामच करत नाही तर शिरा वर येणार कुठून. ही कारणं ती खिडकीवालीला ऐकवायची. खिडकीवाली म्हणजे बाहेरच्या खिडकीशी बसून नावं पुकारणारी तिची जुनी मैत्रीण. ती म्हणायची, "माझे गुडघे म्हातारे झाले, तुझी बोटं झाली. चालायचंच." आणि दोघी हसायच्या. मागच्या आठवड्यात एका कॉलेजातल्या मुलीच्या हाताला तिने तीनदा टोचलं होतं. मुलगी रडली होती. तिची शीर तर इतकी वर होती की ती नुसत्या डोळ्यांना निळी दिसत होती. तेव्हा ती मनाशी म्हणाली होती, मुलगीच हलली. आता तिला आठवलं की मुलगी हलली नव्हती.

चहाच्या वेळी खिडकीवालीनेच तिचा हात ओढला. "अगं बाई, हे काय! साळिंदर झालीस की." मग तिने कापूस चिकटवायच्या पांढऱ्या पट्टीचा तुकडा फाडला, बोटावर दाबला आणि म्हणाली, "आता ओरडायचं नाही हं." ती मैत्रिणीच्या तोंडाकडे बघत बसली. मैत्रिणीने दात आवळले, म्हणजे आता पट्टी ओढणार. तिने तेवढ्यात हवा आत ओढून 'स्स' केलं. पट्टी निघाली. तिच्या चिकट बाजूला बारीक पिवळी रांगोळी उमटली होती. "किती गं सोशिक तू," खिडकीवाली म्हणाली आणि दुसरा तुकडा फाडला. प्रत्येक वेळी ती मैत्रिणीच्या दातांकडे बघत होती आणि प्रत्येक वेळी 'स्स' नेमकं वेळेवर येत होतं. हे सोंग आपल्याला इतकं छान येतं कसं, असं तिच्या मनात आलं. कुठेतरी ऐकल्यासारखं वाटत होतं. थोडी कुसळं निघाली, थोडी मोडून आतच राहिली. बोटांची टोकं लाल झाली होती, जरा सुजलीही होती. ती दुसऱ्या कुणाची तरी असावीत तशी ती त्यांच्याकडे बघत होती. मैत्रिणीला सांगावं असं तिला वाटलं. सांगायला तोंड उघडलं आणि म्हणाली, "चहा गार झाला."

काल तिला किती आनंद झाला होता. आईला आताशा कशाची इच्छाच होत नसे. समोर ठेवावं ते जेवायची, उरलं तर झाकून ठेवायची. आणि परवा एकदम म्हणाली, "बोंडं खावीशी वाटतात गं." बाबा गेल्यापासून त्या घरात बोंडाचं नाव निघालं नव्हतं. तिला माहीत होतं कुठे मिळतील ते. बंद पडलेल्या कारखान्याच्या मागच्या भिंतीला निवडुंग माजला होता, फड्यावर फडा चढलेला, आणि फड्यांच्या कडांना गडद लाल बोंडं ओळीने बसलेली. येता-जाता बसच्या खिडकीतून दिसायची. कुणी हात लावत नसे. लोकांना ते खातात हेच ठाऊक नाही. ती लांब सांडशी आणि जाड कापडी पिशवी घेऊन गेली होती. पहिली काही बोंडं तिने रीतसर सांडशीने पिरगाळून काढली. पण सांडशी बोंड चेचत होती, रस गळत होता, पिशवी हातातून सटकत होती. शेवटी तिने सांडशी जमिनीवर टाकली आणि सरळ हाताने बोंड धरून पिरगाळलं. काही झालं नाही. दुसरं काढलं. काही झालं नाही. रस्त्याने सायकल ढकलत चाललेला एक माणूस थांबून बघायला लागला तेव्हा तिला भलताच चेव आला. 'शेवटी बाबांचाच हात आहे माझा,' ती मनात म्हणाली होती. आता हातात गार चहा घेऊन तिला तेच वाक्य पुन्हा ऐकू आलं, आणि तिने कप खाली ठेवला.

बाबा पाण्याच्या टाकीवर कामाला होते. वस्तीला पाणी सोडायची लोखंडी चाकं त्यांच्या ताब्यात असायची आणि टाकीच्या टेकाडाला चहूबाजूंनी निवडुंगाचं कुंपण होतं. बोंडं पिकली की बाबा तिला आणि दादाला घेऊन तिकडे निघायचे. इतर मुलांचे बाप चिमटे आणायचे, फडकी गुंडाळायचे, तरी हात चोखत परत जायचे. बाबा बाह्या सरसावून उघड्या हाताने बोंड धरायचे, पिरगाळायचे आणि टोपलीत टाकायचे. तोंडावर रेघ उमटत नसे. वस्तीतली मुलं तोंडाचा आ करून बघायची. ती आणि दादा टाळ्या वाजवायचे. आमच्या बाबांना काटे घाबरतात, असं तिने वर्गात सांगितलं होतं आणि ते सगळ्यांना पटलंही होतं. मग टाकीच्या सावलीत बसून सोलायचा कार्यक्रम. आधी बोंडं वाळूत घोळवायची, गवताच्या कुंचल्याने झटकायची, काटकीला टोचून जाळावर फिरवायची. कुसळं जळताना तडतड असा बारीक आवाज यायचा आणि केस जळल्यासारखा वास. मग बाबा चाकूने दोन्ही टोकं उडवायचे, मधे एक उभी चीर द्यायचे, आणि अंगठ्यांनी साल दोन्हीकडे सारली की आतला लालभडक गर आख्खा बाहेर यायचा. पण तो लगेच हातात पडत नसे. बाबा तो गर खालच्या ओठाला लावायचे. हळूहळू फिरवायचे, चहूबाजूंनी, डोळे मिटून. मग द्यायचे. याला ती दोघं 'बोंडाचा पापा' म्हणायची. "बाबा, पापा पुरे, बोंड द्या!" दादा ओरडायचा. बाबा हसायचे. कधी कधी ओठाला कुसळ लागायचं, तेव्हा मात्र बाबांचं तोंड वेडंवाकडं व्हायचं. मुलांना ते फार विनोदी वाटायचं, कारण एवढ्या काट्यांत हात घालणारा माणूस ओठाच्या एका कुसळाने कळवळतो.

काल तिने बोंडं सोलली ती घरी, गॅसच्या जाळावर फिरवून, अगदी बाबांच्या पद्धतीने. फक्त पापा घेतला नाही. रक्ताच्या नळ्यांत जन्म गेलेल्या बाईला कुणाच्या खाण्याला ओठ लावणं कसंतरीच वाटतं. तिने बोटं फिरवून बघितलं. ज्या बोटांवर सबंध मजल्याचा विश्वास, त्यांच्यावर तिचा नसेल तर कुणाचा. सगळीकडून फिरवली आणि बशी आईपुढे ठेवत म्हणाली, "बिनधास्त खा. बोट फिरवून बघितलंय, एकही नाही." आईने बशीकडे बघितलं, मग तिच्या हातांकडे. मग पहिलं बोंड उचलून खालच्या ओठाला लावलं आणि हळूहळू फिरवलं. आईला बाबांची आठवण झाली, असं तिला वाटलं होतं. तिचे डोळे भरून आले होते. आईचं तोंड मधेच क्षणभर वाकडं झालं तेसुद्धा तिने बघितलं होतं, आणि आई रडू आवरते आहे असं समजून ती उठून पाणी आणायला गेली होती. आज सकाळी मोरीत लघवीला लाल रंग दिसला तेव्हा तर ती एकटीच मोठ्याने हसली होती. बोंडं खाल्ली की दुसऱ्या दिवशी तसं होतंच. लहानपणी पहिल्यांदा झालं तेव्हा ती आपण आता मरणार म्हणून कोपऱ्यात दडून बसली होती. बाबांनी शोधून काढलं, कारण विचारलं आणि पोट धरून हसले. "छकू, वेडी ती, रंग आहे तो. सगळं लाल काही रक्त नसतं." किती सुटल्यासारखं वाटलं होतं तेव्हा. त्या सुटकेसाठी तरी आत्ता बाबा हवे होते.

जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाली. तिने डबा उघडला नाही. बोंडाचा पापा तिच्या डोक्यातून जात नव्हता. ओठ. ओठच का? ज्याचे हात काट्यांना भीत नाहीत त्याने शेवटी ओठ लावून का बघावं? तिने स्वतःलाच हा प्रश्न असा सरळ विचारला आणि उत्तर इतकं तयार होतं की ती खुर्चीतून उठून उभी राहिली. बाबांच्या बोटांना कळत नव्हतं. आणि बोटांना कळत नाही हे बाबांना कळत होतं. मुलांच्या जिभेला कुसळ लागू नये म्हणून त्यांनी जे अंग अजून शाबूत होतं ते पुढे केलं होतं. पुढचं सगळं तिला ठाऊकच होतं, फक्त तिने ते कधी या टोकाला जोडलं नव्हतं. चुलीवरच्या किटलीची कडी बाबांनी उघड्या हाताने उचलली होती आणि वास आला तेव्हा त्यांना समजलं. पायात खिळा घेऊन ते दिवसभर टाकीवर चढले-उतरले होते. मग तो पाय चिघळला, मग बोटं काढली, मग पाऊल, आणि तेव्हा कुठे कुणीतरी रक्त बघितलं आणि साखरेचं नाव निघालं. ती तेव्हा हे काम नुकतंच शिकत होती. शेवटच्या दिवसांत बाबांचं रक्त तीच काढायची. दुसऱ्या कुणाला ते हात लावू द्यायचे नाहीत. "माझ्या छकूचा हात काय हलका आहे," ते सगळ्या वॉर्डाला सांगायचे. "सुई गेलेली कळतसुद्धा नाही." त्या एका वाक्यावर तिने आयुष्य उभं केलं होतं. कंटाळा आला, पगार रखडला, लग्नाचं राहून गेलं, तरी ते वाक्य होतंच. कळतसुद्धा नाही. नसेलच कळत. त्यांना जळती किटली कळली नव्हती, तिची सुई काय कळणार होती.

आणि या खोलीत इतकी वर्षं बसून, माणसांमागून माणसांची साखर त्या करड्या झाकणाच्या नळ्यांत भरून, तिने स्वतःचं रक्त एकदाही काढलं नव्हतं. यात तिला आजवर काही वावगं वाटलं नव्हतं. खानावळीतला आचारी कुठे खानावळीत जेवतो. दर वर्षी सगळ्यांची तपासणी व्हायची तेव्हा ती म्हणायची, "आधी तुमचं सगळ्यांचं काढते, मग माझं बघते," आणि मग ते राहून जायचं. तिने दाराची कडी लावली. खुर्चीत बसली, माणसं बसतात त्या खुर्चीत, आपल्या उंच स्टुलावर नव्हे. तिथून खोली वेगळीच दिसत होती. सुया टाकायचा पिवळा डबा अगदी नाकासमोर येत होता. पट्ट्याचं एक टोक दातांत धरून तिने तो डाव्या दंडाला आवळला आणि उजव्या हाताची बोटं कोपराच्या खळगीत ठेवली. शीर असणार. सगळ्यांना असते. तिने दाबलं, सोडलं, दाबलं. बोटांखाली काही उसळत नव्हतं. हाताला बोटं लागलेली कळत होती, पण बोटांना हात लागलेला कळत नव्हता. हे तिने दोनदा, तीनदा करून बघितलं. मग ती घाबरली. अगदी लहान मूल अंधारात घाबरतं तशी घाबरली. घशाला कोरड पडली. तिने पट्टा सोडला आणि बाटलीतलं पाणी घटाघटा प्यायली, बाटली संपली, आणि रिकाम्या बाटलीकडे बघता बघता तिला आठवलं की ही आजची कितवी बाटली ते आपल्याला सांगता येणार नाही. हल्ली ती एवढं पाणी पीत होती, आणि बाटली मोठी घेतली याचंच तिला कौतुक होतं. बाहेरून खिडकीवालीने दार वाजवलं. "आत काय अंडी उबवतेस? माणसं खोळंबलीत." तिने कडी काढली आणि हसली. उरलेला दिवस तिने मोज्यातल्या हातांनी, डोळ्यांना दिसतील तेवढ्याच शिरांवर काढला. न दिसणाऱ्या शिरांची माणसं तिने उद्या बोलावली. उद्या काय होणार होतं?

घरी जाताना ती पायांकडे बघत चालली. महिन्यामागे याच रस्त्यावर एका बाईने तिला हाक मारून थांबवलं होतं. "अहो, तुमची चप्पल मागे राहिली." ती चांगली दहा पावलं एका अनवाणी पायाने चालून गेली होती. केवढी हसली होती ती, आईला रंगवून सांगितलं होतं, "मी म्हणजे ना, डोकंसुद्धा विसरेन एखाद दिवस." आई हसली नव्हती. मोरीत मुंग्या येत होत्या, कितीही पावडर टाकली तरी तिथेच येत होत्या, खाण्याचा कण नसलेल्या जागी. बाबांच्या वेळी वस्तीतल्या जुन्या घराच्या मोरीतही मुंग्या येत. आई पाणी ओतून ओतून कंटाळायची. एकेक गोष्ट आपापल्या जागी निमूट बसलेली होती. सकाळी एका म्हाताऱ्याने थट्टा केली आणि सगळ्या उठून तिच्या मागे चालायला लागल्या. तिने चप्पल दाबून दाबून पाय टाकले. दगड लागला की कळतं का, हे बघण्यासाठी ती मुद्दाम खडीवरून चालली. कळत होतं. खरंच कळत होतं की आवाजामुळे कळत होतं? रस्ता नेहमीचाच होता, दुकानं नेहमीची, कुणीतरी शटर ओढत होतं, कुणीतरी हिशेबावरून भांडत होतं. उद्या आपल्याला हे काम जमणार नाही, आणि मग आपण कोण, हा विचार आला तेव्हा तिने एका खांबाला हात टेकवला. खांब गार असणार. तिने हाताची पाठ लावून बघितली. गार होता.

आईने दिवा लावला होता आणि टेबलावर पांढरं फडकं अंथरलं होतं. फडक्यावर चिमटा होता, भिंग होतं, आणि वाटीत कोमट पाणी. जेवणाची तयारी दिसत नव्हती. आई बाजूच्या खुर्चीत हात मांडीवर घेऊन बसली होती, आणि तिच्या खालच्या ओठावर एक लाल ठिपका सुजून वर आला होता. "हात धू आणि बस," आई म्हणाली. "कशाला? मैत्रिणीने काढली सगळी, पट्टी लावून," ती म्हणाली. "कसली गं?" आईने विचारलं. आईने कुसळांचं नावही काढलं नव्हतं. "बस," आई पुन्हा म्हणाली. ती बसली. आईने तिचा डावा हात फडक्यावर उताणा ठेवला, तिने स्वतः हजारो हात ठेवले असतील तसाच, आणि डोळ्याला भिंग लावून खाली वाकली. आईचा विरळ पांढरा भांग तिच्या समोर आला. त्यापलीकडे काही दिसेना, ना चिमटा, ना बोट, ना आईचं तोंड. तिला चहाच्या वेळची युक्ती आठवली, पण बघायला दात समोर नव्हते. आई काहीच बोलत नव्हती. खूप वेळ गेला असं तिला वाटलं. आता चिमटा लागला असणार. एवढा वेळ कुणी गप्प राहिलं तर संशय येईल. आईला संशय येता कामा नये. आईने एकदा सगळं भोगलंय. "आई गं!" ती कळवळून ओरडली आणि हात जरासा मागे ओढलाही.

आईने मान वर केली नाही. "अजून चिमटा उचललेलाच नाही मी," आई म्हणाली.

चिमटा फडक्यावर जिथे होता तिथेच होता. आईचे दोन्ही हात तिच्या मनगटाखाली होते. दोघी त्या चिमट्याकडे बघत राहिल्या. "तेसुद्धा असेच ओरडायचे," आई म्हणाली. "तुम्ही पोरं अंगणात खेळायला गेलात की मी त्यांच्या हाताची कुसळं काढायला बसायची. हाताची काढताना नुसतं ओरडायचे. कधी आधी, कधी नंतर. ओठाचं काढताना मात्र खरं ओरडायचे. पहिल्याच वर्षी लक्षात आलं माझ्या." "मग बोलली का नाहीस?" तिने विचारलं. तिचा आवाज तिला फार लहान वाटला. "त्यांना विचारलं एकदा. तर म्हणाले, बघू. आणि तुम्ही दोघं टाळ्या वाजवत होतात गं. त्यांना ते फार आवडायचं. मला वाटलं, असू दे, एवढं आवडतंय तर." आईने भिंग खाली ठेवलं. ओठावरच्या ठिपक्याला जीभ लावली. "काल तू म्हणालीस, बोट फिरवून बघितलंय. त्या बशीत एक बोंड धड नव्हतं." मग आई म्हणाली, "उद्या तू लोकांच्या खुर्चीत बसायचं. दुसऱ्या कुणाच्या तरी हातून रक्त काढून घ्यायचं. मी येणार आहे बरोबर."

"बघते," ती म्हणाली.

हा शब्द बाहेर पडला आणि दोघींनी तो ऐकला. "नाही," ती घाईघाईने म्हणाली, "जाऊ. उद्या जाऊ. तू ये." आईने मान हलवली. दिव्याचा उजेड पुरेसा नव्हता, आईचे डोळेही आता पहिल्यासारखे नव्हते. भिंग लावून आईने पुन्हा बघितलं, चिमटा एकदा पुढे नेला, नुसता मागे घेतला. मग भिंग आणि चिमटा दोन्ही बाजूला सारले, तिची तर्जनी धरून वर उचलली आणि आपल्या खालच्या ओठाला लावली. डोळे मिटले. बोट ओठावरून हळूहळू फिरवायला लागली, या कडेपासून त्या कडेपर्यंत, टोकाला थोडं दाबून, पुन्हा मागे. ती श्वास रोखून थांबली. आईचा ओठ ऊन असणार, मऊ असणार, सुरकुतलेला असणार. ती मनातल्या मनात म्हणत होती, एकदा लागू दे, थोडं तरी लागू दे. आणि आईचा चेहरा एकदम आक्रसला, डोळ्यांत पाणी आलं, आणि आई बोट तसंच ओठावर धरून म्हणाली, "आहे. इथे अजून एक आहे." तिने बघितलं. आईच्या ओठाला टेकलेलं ते बोट तिचंच होतं, आणि तिला ते फक्त दिसत होतं.